सर हेन्री आयर्विंग : शायलॉकला माणूस म्हणून उभा करणारा नट

आजचा लेख आपल्या समाजातल्या कोणावर नाही. इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती नटावर आहे आणि त्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. तरी त्याची गोष्ट आपल्या मंडळींनी वाचावी असं मला फार दिवस वाटत होतं. या माणसानं आयुष्यात शेकडो भूमिका केल्या, पण पहिल्या यशापासून शेवटच्या वर्षांपर्यंत ज्या त्याच्याबरोबर राहिल्या त्यातल्या दोन भूमिका आपल्याशी संबंधित आहेत. एका नाटकात त्यानं यहुद्याचा खून केला. दुसऱ्यात तो स्वतः यहुदी झाला.

हेन्री आयर्विंग हे त्याचं रंगभूमीवरचं नाव. जन्माचं नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. जन्म ६ फेब्रुवारी १८३८, इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या कीन्टन मँडेव्हिल या खेड्यात. वडिलांची मिळकत बेताची, म्हणून लहानपणीच त्याला कॉर्नवॉलमध्ये हॉल्सटाऊनला मावशीकडे ठेवलं. मावशीचे यजमान खाणीवर कॅप्टन होते. भोवती खाणकामगारांची वस्ती, उघडा माळ, समुद्राचा वारा आणि घरात बायबलचं वाचन. आई कडक मेथॉडिस्ट. नाटक म्हणजे सैतानाचा धंदा, असं तिचं ठाम मत होतं आणि ते तिनं शेवटपर्यंत बदललं नाही.

दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर तो लंडनला आईवडिलांकडे आला. मुलगा बोलताना अडखळायचा. शाळेत पाठांतर म्हणून दाखवायची पद्धत होती, त्यातच त्याला गोडी लागली आणि जीभही हळूहळू सुटली. तेराव्या वर्षी शाळा संपली आणि कारकुनी सुरू झाली. काही काळ त्यानं थॅकर कंपनीत खर्डेघाशी केली. ही हिंदुस्थानाशी व्यापार करणारी पेढी. थॅकरचं नाव आपल्याकडच्या जुन्या पुस्तकवेड्यांना नवीन नाही. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री सॅडलर्स वेल्स थिएटरात सॅम्युअल फेल्प्सची शेक्सपियरची नाटकं, असं त्याचं चालायचं. फेल्प्सच्या कंपनीतला हॉस्किन्स नावाचा नट कामावर जाण्यापूर्वी सकाळी आठ वाजता त्याला शिकवायचा. स्वतः फेल्प्सनंही त्याला पारखलं. आधी या धंद्यात पडू नकोस असा सल्ला दिला आणि मग नोकरी देऊ केली. मुलानं ती घेतली नाही. आधी बाहेरगावी जाऊन काम शिकतो, म्हणाला. अठराव्या वर्षी एवढी समज मला तरी नव्हती.

एका काकांकडून वारशाचे १०० पौंड मिळाले. ते त्यानं टोप, तलवारी, पोशाख यांत घातले. त्या काळी नटानं स्वतःचं सामान स्वतः आणायचं असे. २९ सप्टेंबर १८५६ रोजी सन्डरलंडच्या थिएटरात तो पहिल्यांदा पगारी नट म्हणून उभा राहिला. लवकरच दुसऱ्या एका नाटकात ऐन प्रवेशात वाक्यं विसरला, काहीतरी बोलला आणि स्टेजवरून पळून गेला. लोकांनी हुर्यो केली. मालकानं मात्र त्याला काढलं नाही.

पुढची दहा वर्षं एडिंबरो, मँचेस्टर, डब्लिन अशी भटकंती झाली. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांचे जुने नट आठवा, तसंच. आज राजा, उद्या नोकर, परवा चोर. या दहा वर्षांत आयर्विंग यांनी पाचशेहून अधिक भूमिका केल्या. डब्लिनला १८६० साली एका लोकप्रिय नटाच्या जागी त्यांना घेतलं, म्हणून प्रेक्षकांनी जवळजवळ तीन आठवडे रोज रात्री त्यांची टर उडवली. ते रोज रात्री उभे राहिले. दिसायला उंच, हडकुळे, पाय ओढत चालायची लकब, उच्चार विचित्र. हा माणूस मोठा नट होईल असं त्या वेळी कोणी पैज लावून म्हटलं नसतं.

१८६६ मध्ये ते लंडनला स्थिरावले आणि १८७१ साली लायसियम थिएटरात बेटमन या अमेरिकन मालकाकडे लागले. कंपनी तोट्यात होती. आयर्विंग यांनी हट्ट धरून एक फ्रेंच नाटक इंग्रजीत आणवलं. मूळ फ्रेंच नाव ‘पोलंडचा यहुदी’ अशा अर्थाचं. इंग्रजीत ते ‘द बेल्स’ झालं. पहिला प्रयोग २५ नोव्हेंबर १८७१.

कथा थोडक्यात सांगतो. आल्सासमधलं एक खेडं, नाताळची आदली रात्र, बाहेर बर्फ. मॅथियास हा गावचा प्रमुख, खाणावळीचा मालक, सगळ्यांचा आवडता. मुलीचं लग्न ठरलेलं. पंधरा वर्षांपूर्वी अशाच बर्फाच्या रात्री एक पोलिश यहुदी व्यापारी घसरगाडीतून त्याच्या दारात आला होता. आत येऊन त्यानं सर्वांना शांती चिंतली, म्हणजे आपण शालोम म्हणतो तसंच, शेकोटीजवळ बसला आणि निघाला. कर्जात बुडालेल्या मॅथियासनं वाटेत त्याला गाठून कुऱ्हाडीनं मारलं, कमरेच्या पट्ट्यातलं सोनं काढून घेतलं आणि प्रेत चुन्याच्या भट्टीत जाळलं. कोणाला कळलं नाही. पण मॅथियासच्या कानात त्या घसरगाडीच्या घुंगरांचा आवाज येत राहतो.

त्या नाटकातली एक जागा फार गाजली. मॅथियास बाहेरून आलाय, बूट काढून जोड्यांची बक्कलं लावत बसलाय. गप्पांच्या ओघात कोणी तरी त्या जुन्या हिवाळ्याचा आणि पोलिश यहुद्याचा विषय काढतो. बस्स, बक्कलावरचे हात तिथेच थांबतात. आयर्विंग काही बोलत नसत. मान हळूहळू वर येई, आणि ते घुंगरू फक्त त्यांना ऐकू येताहेत हे सगळ्या थिएटराला कळे. अंकाच्या शेवटी मागच्या बाजूला घसरगाडीत बसलेला तो यहुदी दिसतो आणि आपला चेहरा मॅथियासकडे वळवतो. त्याला बोलायला जवळजवळ काही नाही. पण माझ्या मते सगळं नाटक त्या एका चेहऱ्यावर उभं आहे. काईन आणि हाबेलची गोष्ट आपण दर वर्षी बेरेशीथमध्ये वाचतो. भावाचं रक्त जमिनीतून ओरडतं, ते हेच. परदेशातून आलेला, कोणाच्या ओळखीपाळखीचा नसलेला एक यहुदी व्यापारी, त्याच्या जिवाचीही किंमत आहे, हे लंडनचे लोक त्या नाटकात सुमारे दीडशे रात्री पाहत होते.

पहिल्या प्रयोगाच्या रात्रीची एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगतात. आयर्विंग यांचं लग्न १८६९ मध्ये फ्लॉरेन्स ओ’कॅलगन हिच्याशी झालं होतं. एक मुलगा होता, दुसरा पोटात. प्रयोग जिंकून दोघं घोडागाडीतून घरी निघाले. हाइड पार्क कॉर्नरपाशी बायकोनं विचारलं, की जन्मभर असाच मूर्खपणा करत राहणार का. आयर्विंग यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, आणि पुन्हा त्या घरी कधी गेले नाहीत. घटस्फोट झाला नाही, पैसे देत राहिले. काही लोक यात नटाची जिद्द पाहतात. मला त्यात गरोदर बायकोला रस्त्यात सोडणारा नवराही दिसतो. दोन्ही खरं आहे.

१८७४ मध्ये त्यांनी हॅम्लेट केला, तो २०० रात्री चालला. तोपर्यंत शेक्सपियर म्हणजे तोटा असं थिएटरवाले धरून चालत. आपल्याकडे थोड्याच वर्षांनी, १८८३ मध्ये, आगरकरांनी ‘विकारविलसित’ छापलं आणि गणपतराव जोशींनी तोच हॅम्लेट मराठीत गाजवला, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

१८७८ मध्ये लायसियम आयर्विंग यांच्या ताब्यात आलं. आता ते नट, दिग्दर्शक आणि मालक तिन्ही होते. एलन टेरी ही त्या काळची सर्वांत लाडकी नटी त्यांनी नायिका म्हणून आणली. व्यवस्थापक म्हणून डब्लिनहून ब्रॅम स्टोकर आला. होय, तोच. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा. तो आयर्विंग यांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्या पदरी राहिला.

दिग्दर्शक म्हणून आयर्विंग काय करत, तेही सांगायला हवं. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात अंधार ठेवायचा, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. त्यांनी ती नेटानं पाळली. गॅसच्या दिव्यांचा उजेड कमीजास्त करून ते स्टेजवर चित्रं रंगवत. गर्दीच्या प्रवेशातल्या शेवटच्या माणसालाही तालमीत उभं करून शिकवत. पडदे, पोशाख, संगीत यांत काटकसर नाही. बालगंधर्वांच्या कंपनीचे खरे गालिचे आणि अत्तराचे फवारे ज्यांनी ऐकलेत, त्यांना हा स्वभाव लगेच ओळखू येईल. आणि त्याचा शेवटही. एलन टेरीला मात्र रोझलिंड करायची फार इच्छा होती, ती आयर्विंग यांनी कधी पुरी केली नाही. त्या नाटकात त्यांच्याजोगी मोठी भूमिका नव्हती, एवढंच कारण असावं असा माझा तर्क आहे.

आता शायलॉक.

आमच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात कोर्टाचा प्रवेश होता. मास्तर वाचू लागले की वर्गातली चार-पाच डोकी माझ्याकडे वळायची. मधल्या सुट्टीत एकानं मला शायलॉक म्हणून हाक मारली आणि ती वर्षभर चिकटली. मुलं वाईट नव्हती, तीच मुलं आमच्याकडे सणाला यायची. घरी आजोबांना सांगितलं, तर त्यांना गंमत वाटली. म्हणाले, आपण शनिवार तेली. कोकणात घाणा चालवला, कोणाला व्याजानं पैसे कधी दिले? आपल्यालाच सावकार माहीत. शायलॉक हे नाव मराठीतही कंजूष सावकाराला पडून गेलंय, म्हणून ही आठवण. ज्यांनी आयुष्यात यहुदी पाहिला नाही अशा मुलुखातही शेक्सपियरचा यहुदी आधी पोचलेला असतो.

इंग्लंडमध्ये तर कितीतरी काळ शायलॉक म्हणजे लाल टोप, मोठं नाक आणि हशा. १७४१ मध्ये मॅक्लिननं त्याला विनोदी न ठेवता भयंकर केलं. २६ जानेवारी १८१४ ला एडमंड कीननं लाल टोप टाकून काळा घातला आणि लोकांना त्याच्या दुःखाची पहिली चुणूक दाखवली. आयर्विंग यांच्या पिढीत काळ बदलत होता. १८५८ मध्ये लायोनेल द रॉथ्सचाइल्ड पार्लमेंटात बसले होते, आणि १८७९ साली यहुदी घराण्यात जन्मलेले डिझरायली पंतप्रधान होते. पण रस्त्यावरचं बोलणं आणि नाटकातलं नाक एवढ्या लवकर बदलत नाहीत.

१८७९ च्या उन्हाळ्यात आयर्विंग बॅरोनेस बर्डेट-कूट्स या श्रीमंत बाईंच्या जहाजातून भूमध्य समुद्रात फिरायला गेले. ट्यूनिसला त्यांनी एक म्हातारा यहुदी पाहिला. पैशाच्या कसल्याशा भांडणात तो वाळूत लोळला, केस उपटले, कपडे ओढले. थोड्या वेळानं तोच माणूस शांत, नम्र. मग आपल्या खेचरांच्या मागून चालत निघाला तो एखाद्या राजासारखा. आयर्विंग यांच्या या पाहण्यात त्या काळचे पूर्वग्रह आहेतच, ते झाकायचं कारण नाही. पण ती चाल त्यांनी मनात ठेवली. लंडनला परतल्यावर एकाएकी ठरवलं आणि तीन-चार आठवड्यांत नाटक उभं केलं. १ नोव्हेंबर १८७९ ला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा पडदा वर गेला.

स्टेजवर जो आला तो साठीचा, विरळ करड्या दाढीचा, काठी टेकत चालणारा गृहस्थ. अंगात साधा तपकिरी झगा, कमरेला पूर्वेकडची शाल, डोक्यावर काळी टोपी आणि तिच्यावर पिवळी पट्टी. जुन्या काळी यहुद्यांना ओळखू यावं म्हणून पिवळी खूण वागवायला लावत, तीच ती. आयर्विंग यांचं म्हणणं असं होतं की शायलॉक हा छळलेल्या लोकांचा प्रतिनिधी आहे, नाटकात सभ्य माणूस जवळजवळ तोच एक आहे आणि सर्वांत जास्त अन्यायही त्याच्यावरच होतो.

त्यांनी एक जागा स्वतः घातली, जी शेक्सपियरनं लिहिलेलीच नाही. शायलॉकची मुलगी जेसिका घरातले दागिने-पैसे घेऊन ख्रिस्ती प्रियकराबरोबर पळून जाते. मुखवटे घातलेली टोळी हसत-गात जाते आणि पडदा पडतो. लोक टाळ्या वाजवू लागले की पडदा पुन्हा वर. रस्ता रिकामा, सामसूम. हातात कंदील घेऊन म्हातारा एकटाच पुलावरून घरी येतो. दारावर थाप मारतो. थांबतो. पुन्हा थाप. आतून उत्तर नाही. पडदा.

एक शब्द नाही. या जागेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. मूळ नाटकात मुलगी गेल्यावर बापाचं काय झालं हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून, चेष्टेत कळतं. आयर्विंग यांनी प्रेक्षकाला बापाच्या दारात नेऊन उभं केलं. मुलगी घर सोडून गेली, समाज सोडून गेली, ही गोष्ट काय असते हे आपल्यापैकी ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा. तिथे व्याज आणि मांसाचा तुकडा कोणाच्या लक्षात राहत नाही.

कोर्टातही त्यांनी आरडाओरड टाळली. निकाल विरुद्ध गेला, संपत्ती गेली, वर धर्म बदलायची शिक्षा झाली. ग्रॅशियानोनं टोमणा मारला तेव्हा त्यांनी वळून फक्त एक तुच्छतेची नजर टाकली आणि सावकाश बाहेर पडले. काही प्रयोगांत तर त्यांनी पाचवा अंकच गाळला. प्रेमिकांचं चांदणं नाही, अंगठ्यांचा विनोद नाही.

नाटक एकाच मोसमात सुमारे अडीचशे रात्री चाललं. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. शंभराव्या प्रयोगाला, १४ फेब्रुवारी १८८० ला, आयर्विंग यांनी लायसियमच्या स्टेजवरच तीनशेहून अधिक पाहुण्यांना मेजवानी दिली. तिथे भाषणाला उठलेल्या लॉर्ड हॉटननी चिमटा काढला. हल्ली इतिहासातल्या दुष्टांना धुऊन काढायची फॅशन आहे, म्हणाले, आणि आता शायलॉकही यहुदी धर्माचा एक सद्‍गृहस्थ होऊन बसला. यजमानाच्या ताटावर बसून असं बोलणं! रस्किनसारख्या विद्वानालाही हा शायलॉक मान्य झाला नाही. शेक्सपियरच्या मनात एवढी दया नव्हती, असं म्हणणाऱ्यांचं मत मला अगदीच चूक वाटत नाही. सक्तीच्या धर्मांतराचा प्रवेश वाचताना माझ्या पोटात आजही गोळा येतो आणि आयर्विंग यांनी तो काढून टाकला नव्हता. पण लिहिलेल्या शब्दांत नटाला किती जागा असते, ते त्यांनी दाखवलं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास, १८८० च्या आसपास, मुंबईत आपले लोक तोराहमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं करू लागले होते. तिकडे लंडनला एक ख्रिस्ती नट यहुद्याचं दुःख सांगतोय, इकडे आपण साकी-दिंडीत आपले पूर्वज गातोय. एकमेकांचा पत्ता नाही.

पुढं कीर्ती वाढत गेली. १८८३ पासून अमेरिकेचे आठ दौरे झाले. १८९५ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं त्यांना सर हा किताब दिला. नटाला हा मान पहिल्यांदाच. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नट आणि भटके भामटे एका ओळीत बसवलेले होते, आपल्याकडे नाटकवाल्याला भाड्यानं खोली मिळत नसे तसंच. बायको त्या दिवसापासून लेडी आयर्विंग म्हणवून घेऊ लागली.

उतरण लगेच आली. १८ फेब्रुवारी १८९८ ला लंडनच्या गोदामाला आग लागली आणि ४४ नाटकांचे पडदे-सामान जळून गेलं. विमा होता, पण नुकसानीपुढे तुटपुंजा. त्याच वर्षी फुप्फुसाचं दुखणं झालं, ते कायमचंच. लायसियमची मालकी एका कंपनीकडे गेली. १९ जुलै १९०२ ला त्यांनी तिथला शेवटचा प्रयोग केला, तो शायलॉकचाच. मग वयाच्या पासष्टीत, कर्ज आणि खोकला घेऊन, पुन्हा गावोगावचे दौरे.

ऑक्टोबर १९०५ मध्ये ते यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डला होते. गुरुवारी १२ तारखेला ‘द बेल्स’ केलं. मॅथियासचा तो मृत्यू करताना त्यांची दमछाक पाहून सोबतच्यांनी ठरवलं की हे नाटक आता बंद, आणि सामान लंडनला परत पाठवायचं. शुक्रवारी १३ तारखेला ‘बेकेट’ केलं, ज्यात त्यांना धर्मगुरू म्हणून मरायचं होतं. प्रयोग संपवून मिडलंड हॉटेलात आले, दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसले आणि नोकराच्या हातावर गेले. त्याच साली ऑगस्टमध्ये पार्लमेंटानं परक्यांना अडवणारा कायदा मंजूर केला होता. झारच्या मुलुखातून जीव घेऊन लंडनच्या ईस्ट एंडला येणाऱ्या आपल्या लोकांना आवरण्यासाठी तो होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शव लंडनला बॅरोनेस बर्डेट-कूट्स यांच्या घरी ठेवलं होतं. ज्यांच्या जहाजातून ते ट्यूनिसला गेले होते, त्याच या बाई. २० ऑक्टोबरला त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरली, शेक्सपियरच्या पुतळ्यासमोर, गॅरिक या जुन्या नटाच्या शेजारी. थोरला मुलगा हॅरीही नट झाला होता. आईनं ज्या नाटकाला मूर्खपणा म्हटलं होतं, ते ‘द बेल्स’ पुढं त्यानंही केलं, वडिलांच्याच भूमिकेत.